हाड राखायचं ते कशासाठी?

खुबा बदलण्याचं ऑपरेशन ज्यांच्यासाठी घडवलं गेलं, ती माणसं वय झालेली होती. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीनची खोबण ही जोडी बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढे संधिवाताने जखडलेले, काठीवर आलेले रुग्ण होते. त्यांना पंधरा वर्षं बिनदुखीची मिळाली तरी आयुष्याचं सोनं होत होतं. चाळिशीच्या आत खुबा गेलेल्या माणसाचा हिशोबच वेगळा. त्याला अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालायचं आहे. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात, सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांना पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के निघाली. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत तीच ३५ टक्क्यांपर्यंत गेली. तिशीतल्यांनी काय समजायचं ते समजावं. दुसऱ्या ऑपरेशनची गाठ आज ना उद्या पडणार असेल, तर पहिल्या वेळी हाड जपून वापरावं, हा विचार त्यातूनच आला.

आपल्याकडे हा प्रश्न टोकदार आहे, कारण तरुणपणी खुबा जाण्याचं मोठं कारण इथे एव्हीएन आहे. रक्तपुरवठा तुटतो, गोळ्याचं हाड मरतं आणि मग शरीराच्या वजनाखाली बसतं. स्टिरॉइड, दारू, सिकलसेल ही त्याची नेहमीची कारणं. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलच्या घरांत हे दुखणं ओळखीचं आहे.

पुढचा संवाद मामा-भाचीचा आहे. वृषाली ३८ वर्षांची, चिंचवडच्या एका बेअरिंग कारखान्यात इंजिनिअर. मामा कऱ्हाडला हाडांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. दोघंही माझ्या कल्पनेतली. त्यांच्या तोंडी आलेलं वैद्यक मात्र खरं आहे, आणि वादही खराच आहे.

वृषाली : मामा, रिपोर्ट वाचलात? उजवा गोळा बसलाय म्हणे. सर्जन सरळ म्हणाले, खुबा बदलायचा. मी विचारलं, दुसरं काही? तर म्हणाले, नेटवर वाचून येऊ नका.

मामा : ते त्यांनी म्हणायला नको होतं. पण वाचलंयस काय, ते तरी सांग. आणि आधी हे सांग, इतके दिवस होतीस कुठे?

वृषाली : कमरेचं ट्रॅक्शन घेत होते. दुखायचं जांघेत, तिथून गुडघ्यापर्यंत यायचं. जो तो म्हणायचा सायटिका. कमरेचा एमआरआय झाला, खुब्याचा साधा एक्स-रे कुणी काढायला सांगितला नाही.

मामा : जांघेत दुखतंय म्हटल्यावर पेशंटला आडवं करून, गुडघा दुमडून पाय आतल्या बाजूला वळवून बघायचा. अर्धं मिनिट लागतं. तिथंच तो कळवळतो. कोविडमध्ये तुला स्टिरॉइड दिली होती, हे सांगितलं होतंस?

वृषाली : कुणी विचारलंच नाही. आणि ते २०२१ चं. इतक्या दिवसांनी त्याचा संबंध असेल असं मलाही वाटलं नाही.

मामा : माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी तीन रुग्णांची नोंद छापली होती. तिघंही चाळिशीच्या आतले. कोविड झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत दुखणं सुरू, आणि स्टिरॉइडचा एकूण डोस सरासरी ७५८ मिलिग्रॅम, म्हणजे एव्हीएन व्हायला जेवढा लागतो असं आम्ही शिकलो होतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्या स्टिरॉइडनं तुझा श्वास वाचवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याला ती दिली, त्याच्या जांघेत दुखायला लागलं तर खुब्याचा एमआरआय व्हायलाच हवा. असो. बोल, तुला काय करून हवंय?

वृषाली : रिसर्फेसिंग. दाताला कॅप बसवतात तशी गोळ्याला धातूची कॅप. गोळा तासून आकारात आणायचा, त्यावर ती चढवायची. मान शाबूत, मांडीच्या हाडाची पोकळी शाबूत. उद्या बिघडलंच तर नेहमीचं ऑपरेशन हाताशी आहेच. टेनिसपटू अँडी मरेनं जानेवारी २०१९ मध्ये तेच करून घेतलं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये त्यानं अँटवर्पची स्पर्धा जिंकली आणि पुढे पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळला. तो धातूच्या खुब्यावर पाच सेट खेळला, आणि मला सर्जन सांगतात, खुर्चीवरच बसत जा.

मामा : मरेच्या गोळ्याचं हाड जिवंत होतं, झिजली होती ती वरची कूर्चा. तुझ्या गोळ्यातला मोठा तुकडाच मेलाय. कॅप बसवायची कशावर? खालचं हाड ढासळलं की कॅप कलंडते, नाहीतर मान मोडते. चांगल्या हाडातसुद्धा शंभरात एक-दोघांची मान मोडते. मेलेला भाग लहान असेल तर काहीजण करतात, पण तुझा लहान नाही. आणि दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही.

वृषाली : बाईला करत नाहीत. वाचलंय मी. आणि मला त्याचाच राग येतोय.

मामा : राग येण्यासारखं आहेच. पण कारण ऐक. सर्जन डेरेक मॅकमिन यांनी बर्मिंगहॅमला १९९७ मध्ये कॅपचा जो सांधा आणला, तो मोठ्या हाडाच्या पुरुषांत फार चांगला टिकला. बायकांचे गोळे लहान. लहान मापांचे सांधे लवकर बिघडताहेत असं नोंदींतून दिसायला लागलं, तेव्हा २०१५ साली कंपनीनं ४६ मिलिमीटर आणि त्याखालची मापं काढून घेतली आणि बायकांना हा सांधा बसवू नये असं स्वतःच जाहीर केलं.

वृषाली : म्हणजे आमच्या भाषेत, व्यास कमी झाला की फिल्म टिकत नाही. दोन पृष्ठभागांच्या मधे द्रवाचा पातळ थर राहिला तरच धातूवर धातू चालतो. व्यास लहान, सरकण्याचा वेग कमी, थर तुटतो. त्यात खोबण उभट बसली तर सगळा भार कडेवर येतो. बेअरिंगची कड घासायला लागली की ते संपलं, हे आमच्याकडे ट्रेनीलासुद्धा कळतं. मग दोष मापाचा आणि कोनाचा झाला ना? कल्पनेचा नाही.

मामा : हे तू मला टेबलाशेजारी बसून सांगतेस. मी ते उघडून पाहिलंय.

इथे मामा एएसआरबद्दल बोलत आहेत. डीप्यू कंपनीचा हा सांधा. त्याची खोबण अर्ध्या गोलापेक्षा उथळ होती, त्यामुळे बसवताना कोन थोडा जरी चुकला तरी भार थेट कडेवर जायचा. कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून सांध्यात आणि रक्तात उतरायचे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं हा सांधा जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला गेला होता. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा पुढे पत्ताच लागला नाही. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली गेली २०१७ मध्ये, म्हणजे सांधा परत मागवल्यावर सात वर्षांनी. भरपाईचा आकडा ठरायला आणखी वेळ गेला. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक धातूशास्त्राची नव्हती. कुणाच्या अंगात काय बसवलंय हे सांगू शकेल अशी यादी देशात नव्हती, ही ती चूक.

वृषाली : काय पाहिलंत?

मामा : एका बड्या रुग्णालयात मित्राच्या मदतीला उभा होतो. पेशंट चाळिशीची, शिक्षिका. सांध्याचं आवरण उघडल्याबरोबर करडा, दाट द्रव बाहेर आला. आतलं अस्तर काळपट. आणि कुल्ह्याचे जे स्नायू पाय बाजूला उचलून धरतात, ते चिमट्यात धरले की तुटून हातात येत होते. गंमत बघ, हाड बरंचसं जागेवर होतं. ज्यासाठी ती कॅप बसवली, ते हाड राखलं गेलं होतं! पण ते चालवणारं मांस गेलं. ती बाई पुढे लंगडतच राहिली. हाड राखलं म्हणजे खुबा राखला, असं मी त्या दिवसापासून मानत नाही.

वृषाली : (थोडं थांबून) हे पटतंय. आणि कोबाल्ट वारेतून बाळापर्यंत जातं, हेही मी वाचलं. आमचा दुसऱ्या मुलाचा विचार अजून सुटलेला नाही. ठीक आहे, धातूवर धातू नको. पण आता सिरॅमिकच्या कॅपा निघाल्यात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये जस्टिन कॉब यांच्या गटानं एक केली आहे, ती बायकांनासुद्धा बसवतात. कोबाल्टचा प्रश्नच नाही.

मामा : मला त्या कामाबद्दल आदर आहे. पण त्या कॅपेकडे अजून वीस वर्षांची नोंद नाही. आणि मेलेल्या हाडावर सिरॅमिक बसवलं म्हणून हाड जिवंत होत नाही. माझं मत जुनंच आहे. ज्या सांध्याची नोंद आहे तो बसवावा. मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवायचा फ्रान्सचा कोरायल दांडा १९८६ पासून आहे. एक्सेटरचा तर १९७० पासून. त्यांचं काय होतं, कधी होतं, सगळं माहीत आहे.

वृषाली : कुणाला माहीत आहे? स्वीडननं १९७९ पासून नोंद ठेवली, ऑस्ट्रेलियानं १९९९ पासून, इंग्लंडनं २००३ पासून. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, तीसुद्धा ज्याला वाटेल त्यानं भरायची. स्वीडनमधली सत्तर वर्षांची आजी खुर्चीवर बसते, कमोडवर बसते. तिच्या नोंदीवरून तुम्ही मला सांगताय. मी मांडी घालून जेवते, गावाला गेले की उकिडवी बसते. माझी नोंद कुठे आहे?

मामा : कुठेच नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वृषालीचा हा मुद्दा मला सगळ्या चर्चेत वजनदार वाटतो. ‘सिद्ध झालेलं’ हा शब्द डॉक्टर वापरतात तेव्हा ते कुणाच्या शरीरावर सिद्ध झालं, हे विचारायचा हक्क पेशंटचा आहे. गुडघ्या-खुब्याच्या ऑपरेशनांवर इतका पैसा फिरत असताना सक्तीची राष्ट्रीय नोंद नसणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

वृषाली : बरं, कॅप सोडली. मग दांडा तरी आखूड घाला. हाडाच्या वरच्या भागातच बसणारा. खालची पोकळी कशाला उकरायची?

मामा : आखूड दांडे नवे नाहीत. अमेरिकेत मेयो क्लिनिकला बर्नार्ड मॉरी यांनी १९८० च्या दशकातच तसा केला होता, नंतर जर्मनीत बरेच निघाले. कल्पना चांगली आहे. लांब दांडा भार थेट खाली नेतो, वरच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड विरळ होतं. आखूड दांडा भार वरच देतो. पण लांब दांड्याला पोकळीच सरळ धरते. आखूड दांडा बसवताना हात थोडा कलला की तो तिरका जातो, खाली सरकतो, पायाची लांबी बदलते. ज्यानं असे भरपूर बसवलेत त्याच्याकडूनच करून घ्यावा.

वृषाली : आणि लांब दांडा काढायची वेळ आली तर काय होतं, ते तुम्हीच सांगायचात. आईला सांगत होतात, मी लहान होते, ऐकलं होतं.

मामा : हो. हाड त्याच्यात वाढलेलं असतं, सोडत नाही. पातळ लवचिक पात्याच्या छिन्न्या कडेनं सारत जायचं, तासभर. तरी हलला नाही तर मांडीच्या हाडाला करवतीनं लांब खिडकी पाडायची, झाकणासारखी उघडायची, दांडा काढायचा, आणखी लांब दांडा घालून तारांनी सगळं आवळून बांधायचं. पेशंट कित्येक आठवडे वॉकरवर.

वृषाली : मग हे माझ्या साठीत माझ्यावर करायचं?

मामा : तिथेच तुझी गफलत होतेय. घट्ट बसलेला दांडा सहसा काढावा लागत नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा खोबणीकडे. आतलं प्लास्टिक झिजलं तर तेवढं बदलायचं, वर नवा गोळा, दांडा तसाच. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनसाठी सगळ्यांत मोलाचं हाड मांडीचं नव्हे, खोबणीचं. ते गेलं की परत आणता येत नाही. तुझ्या त्या कॅपेला मोठी खोबण लागते, आणि हात सैल असला तर मांडीचं हाड राखायच्या नादात खोबणीचं जास्त कोरलं जातं. हे जाहिरातीत नसतं.

वृषाली : हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मामा : म्हणून म्हणतो, हाड राखायचं ते कुठलं, आणि कशासाठी, हे आधी ठरव.

वृषाली : मग एक विचारते, रागावू नका. तुमच्या पिढीनं हाड राखायचा एकच उपाय केला. तिशीतल्या पोरांना सांगितलं, पन्नाशीपर्यंत काढा. गोळ्या घ्या, काठी घ्या. तीही हाडच राखत होती ना? नोकऱ्या गेल्या, लग्नं मोडली.

मामा : सांगायचो. तेव्हाचं पॉलिथिलीन झिजायचं. त्याचे कण हाडात जाऊन हाडच विरघळवायचे. तरुण माणूस ते दहा-बारा वर्षांत संपवायचा, आणि मग दुसरं ऑपरेशन हाड नसलेल्या जागी करावं लागायचं. थांबायला सांगण्यात अर्थ होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी किरणांनी घट्ट केलेलं पॉलिथिलीन आलं आणि झीज फार कमी झाली. त्यावर सिरॅमिकचा गोळा. आता नुसतं वयाकडे बोट दाखवून कुणी थांबवत असेल तर त्यानं वाचन थांबवलंय. थांबल्यानंही हाड जातंच. पाय टेकवत नाही, हाड विरळ होतं. मांडी सुकते. कंबर आणि दुसऱ्या बाजूचा गुडघा भरडला जातो.

वृषाली : म्हणजे आपलं जमलं. प्लास्टिक आणि सिरॅमिक तुमचं, आखूड दांडा माझा.

मामा : दांड्यावर मी अजून नाही म्हणतोय. तुझ्या सर्जनचा हात कशावर बसलाय ते विचार. त्यांनी वर्षानुवर्षं कोरायल बसवला असेल आणि आखूड क्वचितच, तर तुझ्या हट्टापायी त्यांनी हात बदलू नये.

वृषाली : विचारीन. पण त्यांना आखूड जमत असेल तर मी तोच घेणार. साठीत खिडकी पाडून घ्यायची शक्यता लहान असली तरी मला ती आणखी लहान करायची आहे. ते हाड माझं आहे, मामा.

मामा : घे. ऑपरेशन झालं की थिएटरमध्ये सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलला चिकटवतात. कंपनी, माप, लॉट नंबर, सगळं त्यावर असतं. त्याची झेरॉक्स मागून घे, आणि घरी तुझ्या जन्मदाखल्याबरोबर ठेव. देशानं यादी ठेवली नाही तर आपण आपली ठेवायची. एएसआरच्या कितीतरी पेशंटना आपल्या खुब्यात काय आहे हेच दाखवता आलं नाही.

वृषाली : तारीख पुढच्या महिन्यातली देतायत.

मामा : थांब. रिपोर्टचं दुसरं पान वाचलंस?

वृषाली : डाव्या खुब्याचं? ‘सुरुवातीचे बदल’ असं काहीतरी आहे. डावा दुखत नाही. सर्जन म्हणाले, लक्ष ठेवू.

मामा : स्टिरॉइडच्या एव्हीएनमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना दोन्ही खुबे धरतात. तुझ्या डाव्या गोळ्यात मेलेला भाग आहे, पण गोळा अजून गोल आहे. इतका वेळ आपण कॅप, दांडा, प्लास्टिक यावर भांडलो, आणि जिथे खरंच हाड राखता येतं त्या खुब्याकडे कुणी बघितलं नाही. तिथे आता छोटं छिद्र पाडून आतला दाब मोकळा केला, तर गोळा टिकण्याची शक्यता बरीच आहे. बसला की ती शक्यता गेली.

वृषाली : आणि गोळ्या? ॲलेंड्रोनेटबद्दल वाचलं होतं.

मामा : मुंबईचे डॉ. संजय अगरवाला यांनी त्यावर पुष्कळ काम केलंय. सगळ्यांचं एकमत नाही. पण ती औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात, आणि तुला मूल हवंय. ते सर्जनना स्पष्ट सांग, आधी सांग.

वृषाली : म्हणजे उजवा करताना डावाही करून घेऊ?

मामा : काहीजण एकाच भुलीत दोन्ही करतात. पण डाव्याला छिद्र पाडलं की सहा आठवडे त्यावर पूर्ण भार देता येत नाही, आणि उजवा नवीन. मग उभी कशावर राहणार? मला विचारशील तर डावा आधी. उजवा बसायचा तो बसलाय, आणखी दोन महिन्यांनी त्याचं फार काही बिघडणार नाही. दुखेल, ते सोसावं लागेल.

वृषाली : उजव्यानं रात्रीची झोप जाते, मामा. दोन महिने म्हणजे सोपं नाही.

मामा : माहीत आहे. म्हणून ठरवायचं तू. मी फक्त सांगतोय की डाव्याला तारीख आहे, उजव्याला नाही.

वृषाली : उद्या सर्जनना फोन करते. डाव्याचं आधी होईल का विचारते. नाही म्हणाले तर कारण विचारते. तुम्ही याल ना बरोबर?

मामा : येतो. नुसता रिपोर्ट आणू नकोस, एमआरआयची सीडी आण. डाव्या गोळ्यातला मेलेला भाग केवढा आहे, ते मला चित्रातच बघायचंय.